पाच टक्क्यांच्या टोकाला व्हेरिएबल निवडायचे की सगळेच ठेवायचे?

धागाकर्ता: ग्रोथ ॲट रिस्कमध्ये आपण जीडीपीची सरासरी सोडून खालचं ५ टक्क्यांचं क्वांटाइल (ज्याच्या खाली फक्त ५ टक्के तिमाह्या जातात ती पातळी) बघतो, तिमाही वाईट गेलीच तर किती वाईट जाईल ते. फ्रेड-क्यूडी या तिमाही डेटासंचात अमेरिकेच्या दोनशेहून जास्त सिरीज आहेत, सगळ्या कोंबल्या की पार खिचडी होते. माझं म्हणणं, प्रत्येक क्वांटाइलला वेगळी निवड करा. २०१९ च्या एड्रियन, बोयार्चेन्को, जियानोनेच्या पेपरात हेच दिसलं ना, वित्तीय परिस्थिती आवळली (कर्ज मिळणं महाग, कठीण झालं) की खालचं टोक धपकन घसरतं आणि वरचं जवळपास जागेवरच राहतं, मग मीडियनची (मधल्या क्वांटाइलची) यादी टोकाला का लादायची? आणि हॉर्सशू प्रायर (बेझियन मॉडेलला आधीच दिलेलं गृहीतक) लावला म्हणजे निवड झाली असं समजू नका, तो कोएफिशंट (व्हेरिएबलचा प्रभाव दाखवणारा आकडा) शून्याजवळ ढकलतो, शून्य करत नाही, छाटणी वेगळी करावीच लागते.

प्रतिसाद १: अजिबात नाही पटलं. १९७३ ते २०२२ म्हणजे २०० तिमाह्या, त्याचे ५ टक्के म्हणजे १०. दहा तिमाह्यांवरून दोनशेतलं खरं कोण ते ठरवणार? क्रेडिट स्प्रेड (कंपन्यांच्या कर्जावरचं सरकारी कर्जापेक्षा जास्तीचं व्याज) आणि शेअर बाजाराची व्होलॅटिलिटी (चढउतार) संकटात एकदमच उसळतात, त्यामुळे स्पाइक अँड स्लॅब (प्रत्येक व्हेरिएबल आत की बाहेर ते ठरवणारा प्रायर) कधी हा उचलतो कधी तो. मी २०२० ची दुसरी तिमाही वगळून परत चालवलं तर स्प्रेड यादीतून गायबच झाला! खुद्द जियानोने, लेन्झा, प्रिमिचेरी यांनी २०२१ मध्ये दाखवलंय की आर्थिक डेटात मोजकेच व्हेरिएबल पुरतात हा बऱ्याचदा भास असतो. सगळे ठेवा, नीट श्रिंक करा, म्हणजे कोएफिशंट शून्याकडे खेचा.

प्रतिसाद २: दोघंही इन्क्लुजन प्रोबॅबिलिटी (व्हेरिएबल मॉडेलमध्ये असण्याची शक्यता) खरी धरून भांडताय. बेझियन क्वांटाइल मॉडेलमधली असिमेट्रिक लाप्लास ही सोयीसाठी घेतलेली लाइकलिहुड (डेटा कसा विखुरतो याचं गृहीतक) आहे, जीडीपी तसा वागतो म्हणून नाही, तेव्हा ०.९ आलं म्हणून नव्वद टक्के खात्री असं कोणाला सांगू नका.

धागाकर्ता: हे मान्य. पण फिट दहांवर होत नाही हो, दोनशेच्या दोनशे वापरल्या जातात, फक्त रेषेखालच्या चुकीला ०.९५ वजन आणि वरच्याला ०.०५. टोकाला माहिती विरळ असते, ते खरंय. पण धोका का वाढला असं वरून विचारलं तर दोनशे बारीक कोएफिशंट दाखवून काय सांगणार? मग गट निवडूया, क्रेडिट, शेअर बाजार, घरबांधणी असे, म्हणजे स्प्रेड गेला तरी त्याचा भाऊ त्याच गटात राहील.

प्रतिसाद १: गट चालतील, पण २००८ च्या आधीच थांबून पुढचं फोरकास्ट करा आणि क्वांटाइल स्कोअर (टोकाचा अंदाज किती चुकला त्याचं माप) माझ्या न छाटलेल्या मॉडेलशेजारी ठेवा, मगच बोलू.