न्यू जर्सी ते सिएटल गाडीने: सासूबाई, दोन मुलं आणि एक कढीपत्ता

दोनपोरांचीआई

नमस्कार मंडळी. नवऱ्याला सिएटलजवळ रेडमंडला नोकरी लागलीय, ३ नोव्हेंबरला रुजू व्हायचंय. आम्ही सध्या एडिसनला. इथलं भाड्याचं घर १५ ऑक्टोबरला सोडतोय. एक गाडी विकली, उरलेल्या मिनीव्हॅनमधून पाच जण निघणार. आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा (याला वळणंही लागत नाहीत, सरळ रस्त्यावरसुद्धा उलटी होते) आणि सासूबाई. वय अडुसष्ट, मधुमेह, इन्सुलिन चालू, गुडघे कुरकुरतात. त्यांना विमानाने पुढे पाठवायचा विषय काढला तर म्हणाल्या, "तुम्ही रस्त्याने जाणार आणि मी ढगातून? मलाही बघू दे की हा देश." विषय संपला.

नवरा म्हणतो, रोज सहाशे मैल मारले की पाच दिवसांत दारात. मला काही हे पटत नाहीये, पण त्याच्यापुढे टाकायला नुसतं "नको रे" सोडून मुद्दा नाही.

आय-८० हायवेने वायोमिंगमधून जावं की आय-९० ने साउथ डकोटा-मोंटानामधून? दुसरं, मूव्हर्सची दोन कोटेशन्स आलीत, त्यातलं एक दुसऱ्याच्या निम्मं. त्यांनी घर बघितलंही नाही, फोनवर "बेडरूम किती?" एवढंच विचारलं. घ्यावं का? तिसरं, माझं कढीपत्त्याचं झाड. कुंडीत आहे, माझ्या खांद्याला लागतं. मूव्हर्स झाडं नेत नाहीत म्हणे.

रडतराऊ

पाच तिकिटं काढा, गाडी ट्रकवर चढवा, मोकळे व्हा. आम्ही तेच केलं. फक्त गाडी अमुक दिवशी मिळेल यावर विसंबू नका, ते एक तारीख देत नाहीत, आठवडा देतात. आणि गाडीत सामान कोंबून पाठवायला बहुतेक जण नाही म्हणतात.

खडूस मावशी

रडतराऊ, बाईने रस्ता विचारलाय, जाऊ की नको ते विचारलेलं नाही.

हे बघ आई, नवऱ्यापुढे टाकायला मुद्दा हा घे: तुमचं सामान तुमच्याआधी पोचणार नाहीये. या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर जाणारा ट्रक सहसा एकट्या तुमच्या बिऱ्हाडाचा नसतो. दोन-तीन घरांचं सामान एकत्र भरतात, वाटेत उतरवत जातात. दोन-तीन आठवडे सहज लागतात. मग तुम्ही पाच दिवसांत धापा टाकत पोचून करणार काय? रिकाम्या घरात कार्पेटवर झोपणार, सासूबाईंच्या गुडघ्यांसकट. १५ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर म्हणजे अडीच आठवडे हातात आहेत. घाई नक्की कोणाला आहे, हे त्यालाच विचार.

आम्ही हाच प्रवास केला तेव्हा माझ्या सासूबाई आणि माझी आई, दोघी मागच्या सीटवर होत्या. त्यावर वेगळा धागा निघेल, ते सोडा.

रस्ता आय-९०. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात वायोमिंगमधल्या आय-८० वर मी म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाणार नाही. शायेन ते लॅरमीच्या मध्ये तो रस्ता ८,६४० फुटांवर चढतो, आय-८० वरची सगळ्यात उंच जागा तीच. लॅरमी ते रॉलिन्स हा पट्टा वाऱ्यासाठी बदनाम आहे, मोकळे ट्रेलर आडवे होतात. बर्फ-वारा एकत्र आले की सरळ फाटक लावून हायवे बंद करतात, आणि मग त्या गावातल्या मोटेलची खोली मिळाली तर तुमचं नशीब. आय-९० वरही घाट आहेत, मोंटानात ब्यूटजवळचा होमस्टेक पास सहा हजार फुटांच्या वर आहे आणि तिथे ऑक्टोबरात बर्फ पडू शकतं. पण बिलिंग्ज, बोझमन, ब्यूट, मिझूला अशी गावं टप्प्याटप्प्यावर आहेत. हवा बिघडली तर थांबायला छप्पर मिळतं. निघायच्या आदल्या रात्री त्या त्या राज्याच्या ५११ वर (रस्त्यांची माहिती देणारी सरकारी सेवा) रस्त्यांची स्थिती बघायची, फोनमधल्या नुसत्या हवामानावर जायचं नाही.

एकूण अंतर २८०० मैलांच्या आसपास. रोज चारशे धरा. आकडा लहान वाटेल, पण दर दोन तासांनी सगळ्यांनी उतरून चालायचं आहे. सासूबाईंना बाथरूम लागो न लागो, उतरवायचंच, पाय लोंबकळत ठेवून तासन् तास बसणं त्या वयात बरं नाही. असे थांबे धरले की चारशे मैलांत दिवस भरतो.

आता पश्चिमेला जाण्यातली गंमत. तुम्ही चार टाइम झोन ओलांडता, वाटेत तीनदा घड्याळ एक तास मागे येतं. पोरं न्यू जर्सीच्या वेळेने उठतात, म्हणजे मोंटानात पहाटे पाचलाच टक्क जागी. ओरडू नका, तेव्हाच निघा. कारण संध्याकाळी सूर्य बरोबर समोर येतो, काचेतून थेट डोळ्यात, आणि ती झळ दीड-दोन तास हटत नाही. त्याच वेळेला हरणं रस्त्यावर यायला लागतात. वर साउथ डकोटा, मोंटानात वेगमर्यादा ८० मैलांची. ऐंशीच्या वेगाने डोळ्यात ऊन घेऊन हरण दिसत नाही. चार वाजता गाडी बंद, मोटेल, मुलांना पोहायला सोडा.

बघण्यासारखं रोज एकच, तेही रस्त्यालगतचं. बॅडलँड्स (झिजलेल्या खडकांचं नॅशनल पार्क) सोडू नका: आय-९० वरून एक्झिट १३१ ला आत वळायचं, लूप रोडने फिरत वॉलला एक्झिट ११० ला परत हायवेवर. गाडीतून बसल्या बसल्या सगळं दिसतं, सासूबाईंना चढायला लागत नाही. त्याच्याही आधी चेंबरलेनला मिझुरी नदीच्या काठावर रेस्ट एरिया आहे. तिथे ५० फुटी स्टीलचा पुतळा आहे, 'डिग्निटी' नावाचा, २०१६ साली उभारलेला. लकोटा-डकोटा या मूळ अमेरिकन जमातींमधली बाई दोन्ही हातांनी पाठीमागे गोधडी पसरून उभी आहे. गोधडीचे निळे चौकोन सुटे लावलेत, वारा आला की हलतात, उन्हात चमकतात. आमच्या दोघी बाथरूमला म्हणून उतरल्या आणि टाका कसा घातलाय यावर वाद घालत तिथेच उभ्या राहिल्या. स्टीलच्या गोधडीला टाका!

एक सावधगिरी. साउथ डकोटात फेझंट पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो. मिचेल, चेंबरलेन भागातली मोटेलं नारिंगी टोप्या घातलेल्या शिकाऱ्यांनी आणि त्यांच्या कुत्र्यांनी भरून जातात. तुम्ही १५ ला निघालात तर बरोबर त्याच सुमारास तिथे टपकाल. त्या एका रात्रीची खोली आत्ताच धरून ठेवा, बाकीच्या रात्री वाटेत बघितल्या तरी चालतील.

रॅपिड सिटीच्या पुढे फोन तुम्हाला हायवे २१२ दाखवेल, बेल फूर्शवरून ब्रॉडसमार्गे. मैल वाचतात हे खरं. पण दोन पदरी रस्ता, पेट्रोल पंप लांब लांब, बाथरूम त्याहून लांब. चार वर्षांचा उलटीवीर घेऊन तिकडे जाऊ नका, जिलेट-शेरिडनवरून आय-९० धरून राहा.

उलटीवीरासाठी: टॅबलेट बंद. त्याला समोरचा रस्ता दिसेल अशी मधली जागा द्या, खिडकी अधूनमधून उघडा. औषध त्याच्या डॉक्टरांना विचारूनच. झिप लागणाऱ्या मोठ्या पिशव्या पुढच्या सीटच्या खिशात, डिकीत नाही. डिकीतली पिशवी वेळेवर कधी मिळालीय?

सामान किती भरायचं ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर सांगतं. माणसं धरून एकूण किती वजन चालेल हे त्यावर लिहिलेलं असतं. पाच माणसं त्यात बसली की उरतं ते फार नसतं, मिनीव्हॅन कितीही ऐसपैस दिसो. टायरची हवा सकाळी गाडी थंड असताना बघा. मोटेलला गाडी मागची बाजू भिंतीला टेकवून लावा, म्हणजे डिकी उघडता येत नाही.

इन्सुलिन रोज रात्री खोलीत न्यायचंच. लोक उन्हाचा विचार करतात, पण मोंटानातल्या रात्री गाडीत गोठलं तरी ते फुकट जातं. खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्येही बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नका.

हमालपंचविशी

मी शिफ्टिंगच्या धंद्यात ऑफिसची बाजू सांभाळते, म्हणून मूव्हर्सचं सांगते. न बघता फोनवर निम्मा आकडा सांगणारा माणूस नंतर ट्रक भरून झाल्यावर खरा आकडा सांगतो. तेव्हा तुमचा पलंग त्याच्याकडे असतो.

राज्याबाहेर सामान नेणाऱ्याकडे यूएसडॉट नंबर (केंद्रीय वाहतूक खात्याचा नोंदणी क्रमांक) असायलाच लागतो. तो एफएमसीएसएच्या (त्याच खात्याची ट्रक-सुरक्षा शाखा) साइटवर टाकून बघा: स्वतः सामान नेणारी कंपनी आहे की नुसता ब्रोकर, म्हणजे मधला दलाल, तक्रारी किती. कोटेशन 'बाइंडिंग' (ठरलेला आकडा) आहे का 'नॉन-बाइंडिंग' (नुसता अंदाज) ते लेखी घ्या. नॉन-बाइंडिंग असेल तर सामान उतरवताना मूव्हर अंदाजाच्या ११० टक्क्यांपर्यंतच रक्कम मागू शकतो, वरचं नंतर बिल करायचं. हे माहीत असलं की दारातल्या ड्रायव्हरशी बोलताना आवाज आपोआप वेगळा येतो.

फुकटातलं जे संरक्षण देतात ते पौंडाला ६० सेंट. म्हणजे ५० पौंडाचा टीव्ही फुटला तर हातात ३० डॉलर. 'फुल व्हॅल्यू' (पूर्ण किमतीची भरपाई) कितीला पडतं ते विचारा, आणि दागिने, पासपोर्ट, हार्ड डिस्क ट्रकमध्ये अजिबात नको. नव्या कंपनीने शिफ्टिंगचा खर्च दिला तर तो पगारासारखाच करपात्र होतो, नवऱ्याला एचआरशी आधीच बोलायला सांगा.

दोनपोरांचीआई

मावशी, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला जसाच्या तसा वाचून दाखवला. "घाई नक्की कोणाला आहे" इथे सासूबाई मोठ्याने हसल्या, त्यामुळे निकाल लागला. रोज चारशे मैल. मिचेलची खोली आज धरली, दोन हॉटेलं आधीच भरलेली होती!

निम्म्या भावाचा मूव्हर रद्द. नंबर टाकून बघितला, ब्रोकरच निघाला.

कढीपत्त्याचं कोणीच सांगत नाहीये.

मातीतला

कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्या कुळातला. सिट्रसची झाडं मारणारा रोग पसरवणारा सिलिड नावाचा बारीक कीटक या झाडावर राहतो, म्हणून फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्नियासारख्या भागांतून ही झाडं बाहेर न्यायला बंदी-निर्बंध आहेत. कॅलिफोर्नियाच्या सीमेवर तर कृषी तपासणी नाकीच आहेत. तुमच्या रस्त्यात कॅलिफोर्निया नाही, पण तरी वॉशिंग्टन राज्याच्या कृषी खात्याला एक ईमेल टाका: न्यू जर्सीहून घरातली कुंडी आणतोय, चालेल का. लेखी उत्तर जवळ असलेलं बरं.

चालेल म्हणाले तर निघायच्या आठवडाभर आधी छाटून अर्धं करा, पानाच्या मागची बाजू कीड आहे का बघा, कुंडी बादलीत ठेवा. रात्री गाडीत ठेवलंत तर थंडीने मेलं समजा. म्हणजे रोज मोटेलमध्ये इन्सुलिनच्या मागोमाग कढीपत्ता. नाही म्हणाले तर मैत्रिणीला द्या आणि वाळलेल्या बिया मागू नका, त्या रुजत नाहीत. रुजतात त्या ताज्या.

फॉर्मबाज

कागदांचं कोणी बोललं नाही म्हणून. व्हिसावर असाल तर घर बदलल्यापासून १० दिवसांत एआर-११ (पत्ता बदलल्याचा फॉर्म) ऑनलाइन भरायचा, प्रत्येकाचा वेगळा, सासूबाईंचाही. सगळ्यांचे पासपोर्ट आणि आय-९४ (देशात आल्याची नोंद) ट्रकमध्ये नाही, अंगाजवळ.

वॉशिंग्टनमध्ये राहायला आल्यापासून ३० दिवसांत लायसन्स आणि गाडीची नोंदणी दोन्ही तिकडची करायची. गाडीची उत्सर्जन चाचणी तिथे २०२० पासून बंद आहे, तेवढी एक खेप वाचली. शाळेसाठी मुलांच्या लसींचं डॉक्टरांकडून प्रमाणित रेकॉर्ड लागतं, एडिसनच्या दवाखान्यातून निघायच्या आधीच घ्या. आणि तिथे मुलांना ४ फूट ९ इंच होईपर्यंत गाडीत बूस्टर (उंच करणारी सीट) लागतो. मुलीची उंची मोजा, तिचा बूस्टर इथे टाकून जाऊ नका.

खडूस मावशी

टोलचं राहिलं. ईझीपास (गाडीतला टोलचा टॅग) इलिनॉयपर्यंत चालेल, तिथून पुढे आय-९० ला टोल नाही. पण रेडमंडला जायला फोन ५२० चा पूल दाखवेल, त्याला टोल आहे आणि तिथे ईझीपास चालत नाही. तुम्ही पूर्वेकडून येणार, रेडमंड लेक वॉशिंग्टन या तळ्याच्या अलीकडेच आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी पूल ओलांडायचं कामच नाही. फोनने सिएटल दाखवून फिरवलं तर ऐकू नका. नंतर रोज पलीकडे जायचं असेल तर 'गुड टू गो'चा, म्हणजे तिथल्या टोलचा, पास घ्या.

आणि शेवटच्या दिवशी मिझूलाहून एका दमात येऊ नका, स्पोकॅनला झोपा. सिएटलच्या अलीकडचा स्नोक्वाल्मी पास हा घाट दिवसाउजेडी उतरायचा. तिथे 'ट्रॅक्शन टायर्स' (बर्फावर पकड घेणारे टायर हवेत) अशी पाटी लागलेली असू शकते, तुमच्या टायरवर एम-एस (मड अँड स्नो) लिहिलंय का ते एडिसनलाच वाकून बघून घ्या.