मदत हवी आहे: पैसे फेडले, कबुली दिली, तरी चर्चमध्ये प्रभुभोजन (येशूच्या आठवणीची भाकरी) घेववत नाही

मी राजारामपुरी, कोल्हापूर इथला. दुकान अडचणीत असताना मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, नाताळ वर्गणीतले १८,००० रुपये मी न सांगता वापरले. नंतर सगळे परत केले, पाळकसाहेबांना (पाद्रींना) आणि मंडळीच्या वडिलांना (ज्येष्ठ पुढाऱ्यांना) स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी क्षमा केली. बायकोलाही माहीत आहे, लपवलेलं काही उरलेलं नाही.

तरी प्रभुभोजनाचं ताट जवळ आलं की भाकरीचा तुकडा न घेताच शेजारच्याकडे सरकवतो. चार महिने झाले. रोज पहाटे बायबलमधलं पश्चात्तापाचं स्तोत्र ५१ वाचतो, शुक्रवारी उपास धरतो. शिष्य पेत्राने प्रभू येशूला तीनदा नाकारलं, तरी योहान २१ मध्ये प्रभूने मेंढरं (म्हणजे आपले लोक) त्याच्याच हाती सोपवली. हे डोक्याला पटतं, आत उतरत नाही.

बायबलमधलं १ करिंथ ११:२७ हे वचन ही भाकरी अयोग्य प्रकारे खाण्याबद्दल बजावतं. पुढचं वचन २८ मात्र स्वतःची परीक्षा करून मग खायला सांगतं. मी २७ वरच अडकलोय.

'देव क्षमाशील आहे' एवढंच कृपया नको, त्यावर माझा विश्वास आहेच. बाहेरगावी शिबिराला जाणं दुकानामुळे जमणार नाही. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा: मन हलकं होईपर्यंत थांबलात, की जड मनानेच भाकरी घेतलीत आणि मग सावरलात?