धुराडी गोल का?

इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्ट या भागातल्या जुन्या शेतघरांची धुराडी गोल का, आणि एवढा देखणा दगड चुन्याने का झाकलाय, असा प्रश्न आहे. दोन्हीचं उत्तर दगडातच आहे. तिथला स्लेट पापुद्र्यांनी फुटतो, त्यातून काटकोनी चिरे घडवणं महाकष्टाचं. गोल धुराड्याला कोपराच नाही, प्रश्न मिटला! ओबडधोबड दगडांच्या भिंतीत सांधे फार आणि पाऊस तर पाचवीला पुजलेला, म्हणून चुना. तो पाणी अडवतो, शिवाय आत शिरलेली ओल बाहेर सोडतो. हल्ली हौसेने दगड उघडा करून सिमेंटने दरजा भरतात, मग ओल आतच कोंडते. कसली ही हौस!

तिथल्या ट्राउटबेक गावातलं टाउनएंड हे शेतघर बघा, १६२६ सालचं. ब्राउन कुटुंब तिथे १९४३ पर्यंत नांदलं, आता घर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. मला विचाराल तर घराइतकाच समोरचा गोठा-कोठार भारी. उताराचा फायदा घेऊन गवताची गाडी थेट वरच्या मजल्यावर न्यायची. गुरं खालीच, वैरण वरून ढकलली की झालं.