झऱ्यावर मुलांना घेऊन जायचे आहे : काय पाहावे, कधी जावे?

रानवाट
पुढच्या महिन्यात आम्ही मुलांसह गोड्या पाण्याचा एक मोठा नैसर्गिक झरा पाहायला जाणार आहोत. कुंडाभोवती फेरी मारून, फोटो काढून परतावे अशी आमची इच्छा नाही. तिथल्या वनस्पती आणि प्राणी मुलांना निवांतपणे दाखवायचे आहेत. कोणत्या वेळी जावे, नेमके कुठे थांबावे आणि पाण्यात उतरणे कितपत योग्य आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. झऱ्याचे पाणी थेट पिता येते असेही ऐकले आहे. ते खरे आहे का?

भूजल_अभ्यासक
तळाची वाळू जिथे उसळत असते तिथे सगळेच खिळून राहतात, आणि ते दृश्य आहेही तसे. पण जीवसृष्टी पाहायची असेल, तर उगमापासून सुरुवात करून ओढ्याच्या काठाकाठाने खाली चालत जा, असे मी आवर्जून सुचवेन. जमिनीखाली दीर्घकाळ मुरलेल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू बहुधा कमी असतो, त्यामुळे उगमाच्या अगदी तोंडाशी मोजकेच जीव तग धरतात; पुढे हवेचा आणि पाणवनस्पतींचा सहवास मिळत जातो तसा प्राणवायू वाढतो आणि मासे व कीटकही बदलत जातात. चांगले ऊन असेल तेव्हा पाण्याखालच्या पानांकडे मुलांना टक लावून पाहायला सांगा. पानांच्या कडांवर बारीक बुडबुडे धरतात आणि एकामागोमाग एक सुटून वर येतात. तो प्रकाशसंश्लेषणातून बाहेर पडणारा प्राणवायू असतो.

अशा झऱ्याच्या पाण्याचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. ते साधारणपणे त्या प्रदेशातील हवेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या जवळपास असते. फ्लोरिडातील मोठ्या झऱ्यांचे पाणी सुमारे २२ अंश सेल्सिअस असल्यामुळे थंडीत समुद्राचे पाणी गारठले की मॅनेटी हे सस्तन प्राणी तिथे आश्रयाला येतात. तिथल्याच सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्यात वनस्पतींपासून मोठ्या मांसाहारी माशांपर्यंत ऊर्जा कशी पोहोचते, याचा हिशेब अमेरिकन परिसंस्थाशास्त्रज्ञ हॉवर्ड ओडम यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. पाण्याची ही स्थिरता त्यांच्या मोजमापाला फार उपयोगी पडली.

ओढ्याकाठी
वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. फक्त वेळेबद्दल थोडी भर घालतो. पाण्याखालचे पाहायला ऊन वर आलेले बरे, पण खंड्या, धोबी यांसारखे पक्षी आणि पाण्यावर येणारे इतर प्राणी पाहायचे असतील, तर गर्दी होण्यापूर्वी, भल्या सकाळीच पोहोचायला हवे.

भिंग अवश्य न्या. काठावरचा एखादाच लहान दगड अलगद उलटून पाहा. वाळूचे कण आणि काडीकचरा रेशमासारख्या धाग्याने चिकटवून केलेली इवलीशी नळी दिसली, तर ते कॅडिसफ्लाय या पतंगासारख्या कीटकाच्या अळीचे घर समजावे. थोडे थांबलात तर अळी डोके आणि पाय बाहेर काढून नळीसकट चालू लागते. मेफ्लाय या कीटकाची पिल्ले, चपटकृमी आणि बारीक गोगलगाईही तिथेच सापडतात. यांतल्या काही गोगलगाई एखाद्या झऱ्यापुरत्याच मर्यादित असतात, त्यामुळे पाहून झाल्यावर दगड होता तसाच, त्याच जागी ठेवणे फार महत्त्वाचे आहे. चुनखडीच्या भागात पाण्याखाली कारा नावाचे शैवाल आढळते. त्यावर चुन्याचा खरखरीत थर असतो आणि त्याला लसणासारखा उग्र वास येतो. ओल्या, सावलीतल्या खडकांवरील नेचे आणि हरिता यांनाही वेळ द्या.

पाण्यात उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पायांखाली पाणवनस्पती मुळासकट उपटल्या जातात आणि उठलेला गाळ पानांवर बसून त्यांचा प्रकाश अडवतो. पोहण्यासाठी वेगळी जागा राखलेली असेल, तर तिथेच पोहावे. दुसऱ्या ओढ्यात वापरलेली पादत्राणे धुऊन पूर्ण वाळवूनच आणावीत, कारण बेडकांना घातक ठरणारी कायट्रिड बुरशी आणि परक्या गोगलगाई ओल्या चिखलातूनही पसरू शकतात.

रानवाट
दोघांचेही मनःपूर्वक आभार. पाण्यात न उतरण्याबद्दल मुलांना आधीच समजावून सांगेन. पिण्याच्या पाण्याचे तेवढे राहिले.

भूजल_अभ्यासक
ते राहूनच गेले, क्षमस्व. पाणी कितीही नितळ दिसले तरी तपासणीशिवाय पिऊ नये. चुनखडीतील भेगा आणि पोकळ्यांमधून पृष्ठभागावरचे पाणी फारसे गाळले न जाता झऱ्यापर्यंत पोहोचू शकते आणि त्याबरोबर रोगजंतूही येतात. खतांतील आणि सांडपाण्यातील नायट्रेट तर रंग-वासावरून मुळीच कळत नाही. पाणवनस्पतींवर तंतुमय शेवाळाची दाट गोधडी पसरलेली दिसली, तर त्यामागे असे प्रदूषण असण्याची शक्यता असते. मात्र प्रवाह मंदावणे किंवा शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई कमी होणे हीदेखील कारणे असू शकतात. पिण्यासाठी पाणी घरूनच न्यावे.