शब्दचर्चा: 'हौशी' म्हणजे नेमका कोण?

पांढरी चार
कोजागरीला आमच्या सोसायटीत अभंग-नाट्यगीतांचा छोटासा कार्यक्रम झाला. पेटीवर मी. बँकेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. नोकरीत होतो तेव्हापासून रोज सकाळी तासभर पेटी काढून बसतो, पण ते घरच्या घरी. तबल्याला बाहेरून एक वादक बोलावले होते, आठवड्यातले चार दिवस कार्यक्रम वाजवणारे. निवेदिकेनं ओळख करून दिली, "तबल्यावर सुप्रसिद्ध व्यावसायिक तबलावादक अमुक आणि पेटीवर आपले सर्वांचे लाडके हौशी कलाकार तमुककाका!" टाळ्या मला जास्त पडल्या. पण गॅदरिंगमध्ये भोपळा झालेल्या पोराला पडतात ना, तसल्या.

तर प्रश्न असा, की 'हौशी' हा शब्द कौतुकाचा की कमी लेखणारा? आणि मी स्वतःला म्हणवून काय घ्यावं? 'छंद म्हणून वाजवतो' म्हटलं तर पोस्टाची तिकिटं जमवल्यासारखं वाटतं.

मोल्सवर्थचा नातू
'हौस' अरबी 'हवस'वरून फारसीमार्गे आपल्याकडे आली. हिंदी-उर्दूत तीच हवस वखवख, वासना अशा अर्थानं बदनाम झाली. मराठीत मात्र घरात घेण्यासारखी सोज्वळ निघाली. डोहाळजेवणाची हौस, पैठणीची हौस, नातवाला पतंगाची हौस. 'सून फार हौशी आहे हो' हे तर प्रमाणपत्रच. तेव्हा शब्दात मुळातून काही खोट नाही.

पण शब्दाचा स्वभाव त्याच्याबरोबर नांदणाऱ्या क्रियापदावरून कळतो. हौस पुरवतात, ती भागते, फिटते. म्हणजे तिला शेवट आहे. छंद जोपासतात, कुंडीतल्या रोपासारखा. नाद मात्र लागतो, आणि लागला की सुटत नाही. 'हौस फिटली बाबा एकदाची' म्हणून लोक हात जोडतात. 'नाद फिटला' असं कुणाच्या तोंडी ऐकलंय? इतकी वर्षं रोज पेटी उघडणाऱ्या माणसाला हौस आहे असं म्हणणं हीच शब्दाची चूक. तुम्हाला नाद आहे. आणि गंमत म्हणजे नाद म्हणजे ध्वनीसुद्धा.

पांढरी चार
'काकांना नाद आहे' असं सोसायटीत पसरलं तर सेक्रेटरी नोटीस काढेल.

ठेकेदार
बावीस वर्षं तबला वाजवून घर चालवतोय. काका, आमच्यात हा शब्द कसा वापरतात ते सांगतो, राग मानू नका. तारखेचा फोन येतो. मी विचारतो, पेटीवर कोण? पलीकडून उत्तर, "हौशी आहेत." एवढ्यात सगळं समजतं. पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारसूर, आयत्या वेळी बदलणार, म्हणजे मला दोन डगे नव्हे तर दोन तबले न्यावे लागणार. अंतऱ्याआधीचा तुकडा विसरणार. लय चढणार आणि ती मीच चढवली असं मध्यंतरात ऐकवणार. घरचे पहिल्या रांगेत बसून व्हिडिओ काढणार. आणि पेटी? आमच्या नेहमीच्या पेटीवाल्याच्या पेटीपेक्षा तिप्पट किमतीची, स्केलचेंजर (पट्टी बदलता येणारी), वर मखमली खोळ.

पण खरं दुखणं वादनाचं नाही. हौशी माणूस आयोजकाला सांगतो, "मला काही नको हो." आयोजक ते वाक्य जपून ठेवतो. पुढच्या खेपेला मला म्हणतो, "काका तर काहीच घेत नाहीत, तुम्हीही जरा सांभाळून घ्या." हौसेला मोल नसतं ही म्हण शाळेत वेगळ्या अर्थानं शिकवतात. बाजारात तिचा अर्थ फुकट.

पांढरी चार
खोटं कशाला बोलू. मीही त्या दिवशी म्हणालो होतो, "बिदागी नको, नारळ पुरे."

ठेकेदार
बघा. त्या नारळाचं पाणी आमच्या पाकिटात झिरपतं.

मोल्सवर्थचा नातू
या 'पाकिटा'वर थांबू या, कारण पैसे या शब्दाला आपण किती ठिकाणी सोवळं नेसवलंय बघा. 'बिदागी'त बिदा आहे, म्हणजे निरोप. पाहुण्याला निरोप देताना हातावर ठेवायचं ते. त्यात मजुरीचा वास नाही, देणाऱ्याचा मोठेपणा आहे. 'मानधना'त मान आधी आणि धन मागून. नाटकवाले 'नाइट' म्हणतात, एका प्रयोगाची अमुक नाइट. तमाशात आणि बँडात 'सुपारी'. गुढीपाडव्याच्या सुमारास जुन्नर तालुक्यात नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येतात आणि जत्रेची सुपारी देतात. देवापुढचा, लग्नातला, विडा उचलण्यातला हा शब्द. पुढे मुंबईच्या गुन्हेगारी बातम्यांनी तो पळवला, आणि आता 'सुपारी घेतली' म्हटलं की लोक दचकतात.

'मानधन' हा मला यातला सगळ्यात लबाड शब्द वाटतो. अंगणवाडी सेविकेला पगार मिळत नाही, मानधन मिळतं. पगार म्हटला की ती कर्मचारी ठरते, तिचे हक्क उभे राहतात. मानधन म्हटलं की ते टळतं.

ठेकेदार
अगदी. फोनवर 'मानधन' ऐकलं की मी तिथेच विचारतो, आकडा बोला. 'जाऊन-येऊन धरून' म्हणाले तर रिक्षाचे पैसे आपलेच.

ताशाची काडी
मी पुण्यात ढोल-ताशा पथकात वाजवते. गणपतीच्या आधी दोन महिने नदीपात्रात सराव, दिवसा आयटीतली नोकरी. एक पैसा घरी नेत नाही, उलट बोटांच्या पट्ट्या स्वतःच्या पैशानं आणते. म्हणजे हौशीच. पण मंडळाकडून पथकाला पैसे मिळतात. त्यातून ढोलाची फाटलेली पानं बदलायची, टेंपो ठरवायचा, उरलं तर एखाद्या सामाजिक संस्थेला द्यायचे. आमच्यात याला कुणी चुकून 'सुपारी' म्हणालं की लगेच दुरुस्ती होते, "सुपारी नाही गं, मानधन." आज वाचताना पहिल्यांदा वाटलं, की ही दुरुस्ती नेमकी कशापासून लांब राहण्यासाठी असते?

आणखी एक. आम्ही 'ताशावादक'. पोटासाठी वाजवतात ते 'ताशेवाले'. ताशा तोच, काड्या त्याच.

घुमकं
ताई, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. मी सांगली जिल्ह्यातला, घरात हलगी. बँड लावला तर 'बँडवाले', 'बँडवादक' कुणी म्हणत नाही. हलगीवाला, पेटीवाला, ताशेवाला. शहरात वर्ग लावून शिकला की तोच 'वादक' होतो, पेटीची 'संवादिनी' होते.

'हौस' शब्दाबद्दल माझं म्हणणं जरा वेगळं आहे. माझ्या आज्याला कुणी विचारलं नाही, तुला हलगीची हौस हाय का. गावात लगीन असो, मयत असो, देवाची पालखी निघो, बोलावणं आलं की जायचं. बदल्यात बलुतं, खळ्यावर मिळंल तेवढं धान्य. पाचटाचा जाळ करून हलगी शेकायची, कातडं ताणलं का ते बोटानं वाजवून बघायचं, पुन्हा शेकायची. थंडीत मिरवणूक लांबली की मध्येच थांबून जाळ करावा लागायचा आणि लोक मागं ओरडायचे, "ए, काय झोपलास काय!" तो ज्या ताकदीनं वाजवायचा तसं मी अजून कुणाचं ऐकलेलं नाही. पण त्याला ना कुणी हौशी म्हटलं, ना व्यावसायिक, ना कलाकार. हे दोन्ही शब्द निवड करता येणाऱ्यांचे आहेत.

मी स्वतः शिक्षक आहे. हलगी, तिच्या जोडीची घुमकं आणि कैताळ ही वाद्यं, असा आमचा चौघांचा संच आहे, कुस्तीच्या मैदानाला जातो. पैसे घेतो, ठरवून घेतो. म्हणजे नोकरी करून वाजवणारा म्हणून मी हौशी, आणि पैसे घेतो म्हणून व्यावसायिक. घाला मला कुठल्या खणात घालायचं ते.

ताशाची काडी
दादा, हे पथकाच्या ग्रुपवर टाकू का?

घुमकं
टाका. नाव नको, एवढंच.

मोल्सवर्थचा नातू
घुमकं यांच्या म्हणण्याला जोड म्हणून गवयांच्या जगातला एक जुना शब्द देतो, 'अताई'. घराण्यात जन्मलेला नाही, पिढीजात पेशा नाही, तरी गातो-वाजवतो तो अताई. मूळ अरबी 'अता', म्हणजे देणगी. शब्दशः पाहिलं तर ज्याला देवाची देणगी आहे तो! पण खानदानी गवई तो तुच्छतेनं वापरत, आणि उर्दूत अताई वैद्य म्हणजे आपला भोंदू डॉक्टर. युरोपात 'अ‍ॅमेच्योर'चं असंच झालं. मूळ अर्थ प्रेम करणारा, पुढे अर्धकच्चा. प्रेमानं आणि देणगीनं काम करणाऱ्याला सगळीकडे कच्चंच का ठरवतात, हे भाषेनं नाही, पेशेवाल्यांच्या पोटानं ठरवलेलं दिसतं.

तबलजी हा शब्दही यातलाच. शेवटचा 'जी' आदरार्थी नाही बरं का. तो तुर्की 'ची', मशालची-तोफची-बावर्चीमधला, म्हणजे ते काम करणारा. हिंदीत तबलचीच म्हणतात. आज कुणा तबलावादकाला तबलजी म्हणून बघा.

ठेकेदार
नका बघू.

बुवा कणकवलीकर
आमच्याकडे डबलबारीत हा घोळच नाही. दोन बुवा समोरासमोर, रात्रभर भजन. बुवा दिवसा रिक्षा चालवेल, एसटीत असेल, मुंबईत गिरणी होती तेव्हा गिरणीत होता. बारी ठरली की ठरलेले पैसे. पण 'तुम्ही हौशी की व्यावसायिक' असं विचारलंत तर तो म्हणेल, मी बुवा. पखवाजवाल्यालाही हात कसा आहे तेवढंच विचारतात. हरला तर मात्र कुणाची गय नाही.

मोल्सवर्थचा नातू
उत्तम. आता 'व्यावसायिक'कडे. मराठी रंगभूमीवर आधी 'धंदेवाईक' म्हणत, त्यात कमीपणा नव्हता. पुढे 'धंदा' शब्दाची अब्रू गेली आणि 'व्यावसायिक' आला. 'हौशी' मात्र तसाच टिकला, सरकारी राज्य नाट्यस्पर्धेच्या नावातही. आणि 'व्यवसाय' हा संस्कृतात मुळी पैशाचा शब्दच नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात 'व्यवसायात्मिका बुद्धि' येते तिथे अर्थ निश्चय असा आहे. म्हणजे पैसे न घेता रोज सकाळी पेटी उघडणारे काका हे शब्दाच्या मूळ अर्थानं व्यावसायिक.

ठेकेदार
छान आहे, पण गीता दाखवून वीजबिल भरता येत नाही.

जरा उलटी बाजूही सांगतो, कारण मघाशी मी हौशींना फार झोडलं. हल्ली माझ्या तारखांपैकी कितीतरी हौशी लोकच देतात. कराओकेचे ग्रुप माहीत असतील. निवृत्त मंडळी, डॉक्टर, वकील, माणशी दोन गाणी, वर्गणी काढून हॉल घेतात. सुरुवातीला ट्रॅकवर गायचे, तेव्हा आमचे लोक शिव्या द्यायचे, सहा जणांचं काम पेनड्राइव्हनं खाल्लं म्हणून. मग त्यातल्याच काहींना ट्रॅकचा कंटाळा आला. ट्रॅक थांबत नाही, चुकलात की तो पुढे निघून जातो. आम्ही थांबतो. बाई अंतरा विसरल्या तर मी समेवर एक आवर्तन जास्त फिरवतो, कीबोर्डवाला तोच तुकडा परत वाजवतो, आणि प्रेक्षकांना वाटतं असंच बसवलंय. याचे ते पैसे देतात, वेळेवर देतात, चहा विचारतात. मोठ्या नावाजलेल्या कार्यक्रमाचं पाकीट मिळायला कधीकधी चार-चार महिने जातात.

मोल्सवर्थचा नातू
हे नवं नाही. १८७० साली मुंबईत पारशी मंडळींनी 'गायन उत्तेजक मंडळी' काढली. सभासद सुखवस्तू हौशी, शिकवायला उस्ताद नेमलेले. संगीतशास्त्रकार भातखंडे १८८४ साली तिथे सभासद झाले, आणि ते पेशानं वकील. तेव्हा हौशीनं पेशेवाल्याला पोसायचं आणि पेशेवाल्यानं त्याला मनात अताई म्हणायचं, ही जोडी जुनीच.

ताशाची काडी
म्हणजे ठेकेदारकाका कराओकेवाल्या बाईंना मनात काय म्हणतात?

ठेकेदार
त्या ७१ वर्षांच्या आहेत. मनातसुद्धा मॅडमच म्हणतो.

पांढरी चार
एक सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी दुसऱ्याच अभंगात माझा मंद्र पंचम अडकला. भाता हलवला की बोट न ठेवताही सूर चालू. मी घामाघूम. त्या तबलावाल्यांनी (बघा, 'वाला' आलाच) डावा हात डग्यावर ठेवून ठेका चालू ठेवला, उजव्यानं माझ्या पेटीचं झाकण वर केलं, अडकलेली पट्टी नखानं हलकीच उचलून सोडली. सूर बंद. झाकण खाली. गाणाऱ्याला कळलंही नाही. नंतर मी आभार मानायला गेलो तर म्हणाले, "काका, पेटी रोज वाजते ना? मग धूळ कशी?" मी म्हटलं, मखमली खोळ आहे. ते म्हणाले, "खोळीचीच लव बसते आत."

तो टोमणा होता की सल्ला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ठेकेदार
सल्ला. खोळ काढा, सुती कापड घाला.

पांढरी चार
आणि पुढच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत माझ्या नावाआधी काय छापायला सांगू?

ठेकेदार
आधी काही नको. 'हार्मोनियम', दोन टिंबं, आणि नाव. तबल्याचंही तसंच, सुप्रसिद्ध वगैरे काढून टाका. आणि नारळाचं वाक्य म्हणू नका. पैसे घ्या, मग हवं तर मंदिराच्या पेटीत टाका, पण आयोजकासमोर घ्या. तारीख कधी आहे? तबल्याला अजून कुणाला सांगितलं नसेल तर मी मोकळा आहे. पट्टी आधी कळवा.

पांढरी चार
दत्तजयंती. गाणारी बाई पांढरी चार म्हणतेय, पण ती आयत्या वेळी काळी तीन मागते.

ठेकेदार
दोन्ही तबले आणतो.