होंडा नवीला मागे ११०/९०-१० ब्लॉक पॅटर्न टायर बसेल का?

कलमवाला_राजापूर
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१७ ची होंडा नवी (Navi, मॉडेलचं नाव) आहे, सेकंडहँड घेतलेली. डांबरी रस्ता सोडला की कलमांपर्यंत दीड किलोमीटर मातीची पाणंद आहे, सगळी तांबडी माती, आणि मध्ये एक चढ असा की पावसात मागचं चाक नुसतं जागच्या जागी फिरतं. परवा खताची गोणी मागे बांधून चढत होतो तर गाडी आडवी सरकत सरकत थेट गडग्याला (दगडी कुंपणाला) टेकली, गुडघा खरचटला पण थोडक्यात वाचलो. आता पुढे ९०/९०-१२ आणि मागे ९०/१००-१० असे कंपनी साईजचेच टायर आहेत, मागचा पार गोटा झालाय. टायरवाला म्हणतो यामाहा रे झेडआर स्ट्रीट रॅलीला येतो तसला ब्लॉक पॅटर्नचा, म्हणजे गट्ट्यागट्ट्यांच्या नक्षीचा ११०/९०-१० टाकून देतो, मस्त दिसेल. दिसण्याचं राहू दे, बसेल का आणि चढेल का ते सांगा.

सह्याद्री_नवी
भाऊ आधी माप घे, मग पैसे काढ. पहिला आकडा मिमीत रुंदी, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि शेवटचा रिम किती इंची. ११० म्हणजे आत्तापेक्षा २० मिमी रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना १०-१० मिमी जास्त. उंचीचं गणित असं की ९०/१०० ची भिंत ९० मिमी आणि ११०/९० ची ९९, म्हणजे वरच्या बाजूलाही ९ मिमी गेले. नवीचं मागचं चाक ॲक्टिवासारखंच इंजिनलाच लावलेलं, डावीकडे बेल्टची केस आणि उजवीकडे सायलेन्सर. शॉकॲब्सॉर्बर दबला की इंजिन आणि चाक बरोबरच वर जातात म्हणून बाजूची जागा तेवढीच राहते, पण वरच्या मडगार्डची कमी होते, त्यामुळे गाडी स्टँडवर असताना वरचं माप घेऊन उपयोग नाही, मागे दोन माणसं बसवून बघ. बाजूचं बघायला घट्ट मळलेल्या कणकेचा १० मिमी जाड गोळा टायरच्या भिंतीला चिकटव आणि चाक हाताने सावकाश फिरव, गोळा कुठे खरवडला गेला तर विषय संपला. आणि गट्ट्यांमध्ये दगड अडकून येतो त्यालाही जागा लागते हे विसरू नको.

माझं मत, साईज तीच ठेव आणि नक्षी बदल. ११० सीसीचं इंजिन, त्यात बेल्टची बिनगिअरची गाडी, मोठं चाक लावलंस तर चढावर ओढ उलट कमी होईल, आणि तुला तर चढच चढायचाय. चेतक स्कूटरची जुनी ३.५०-१० ही साईज (३.५० हे इंच) रुंदीला जवळपास ९० मिमीच येते, तीत खोल नक्षीचे टायर बघ, फक्त ट्यूबचा टायर मिळाला तर आत ट्यूब टाकावीच लागेल. साईडला ५३जे असं काहीतरी लिहिलेलं असतं, ५३ म्हणजे २०६ किलो वजन आणि जे म्हणजे ताशी १०० किमी, गोणी नेतोस तर त्याच्या खालचा आकडा घेऊ नको.

काळी_माती_परभणी
गट्टेवाला टायर सगळीकडे चालतो हा समज काढून टाका. आमच्याकडे काळ्या रानात पाऊस पडला की २० फुटांत गट्टे भरतात आणि टायर गुळगुळीत डांबासारखा होतो, मडगार्डमध्ये माती दाटली की चाकच फिरत नाही, मी काडीने माती उकरत रानात तासभर बसलेलो आहे. तांबड्या मातीत मुरूम असतो, ती एवढी चिकटत नाही, तिथे फायदा होईल. पण गट्टे जवळजवळ नकोत, मधे बोटभर फट असलेले घ्या, म्हणजे माती आपोआप झडते. पुढचं मडगार्ड मी वॉशर टाकून थोडं वर उचललंय, त्याचाही फरक पडला.

पंक्चर_ते_बॅलन्सिंग
टायरचं दुकान चालवतो म्हणून बसवण्याबद्दल सांगतो. १० इंची टायरची कड फार ताठ असते, तासभर उन्हात ठेवा आणि साबणाचं पाणी लावा, पान्ह्याने हाणामारी केली तर रिमची कड वाकते मग ट्यूबलेस कायमचा हवा सोडतो. तुमची रिम लोखंडी आहे आणि गाडी कोकणातली, म्हणजे आत गंज असणारच. तारेच्या ब्रशने घासून लखलखीत करा, वॉल्व्ह नवीन टाका, तो स्वस्त असतो. टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेने आहे ना ते चाक चढवायच्या आधी बघा, कारण मागचं चाक काढायला सायलेन्सर सोडावा लागतो, दोनदा तेच काम कोण करणार. टायरवरची बनावटीची तारीखही बघा, चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा, असला जुना माल घेऊ नका. हवा स्टिकरवर लिहिलीय त्यापेक्षा मातीत ३-४ पौंड कमी चालेल पण गोणी असताना अजिबात कमी करू नका. आणि एक कळकळीने सांगतो, पाणंद संपून ओली डांबरी लागली की ब्रेक हळू दाबा, गट्ट्यांचं रबर रस्त्याला कमी टेकतं. कातळावर शेवाळ असेल तिथे तर कुठलाच टायर धरत नाही, उतरून ढकला.

कलमवाला_राजापूर
सगळ्यांचे मनापासून आभार. आज कणकेचा प्रयोग केला, डावीकडे केसच्या खालच्या बोल्टजवळ गोळा सपाट झाला, म्हणजे ११० रद्द. मागे ३.५०-१० खोल नक्षीचा ट्यूब टाकून घेतोय, पुढचा आहे तोच ठेवतो. रिम काढली तर आत पापुद्रे निघाले गंजाचे, पोरगा बसलाय घासत. चढावर गोणी एकऐवजी अर्धी करून दोन फेऱ्या मारीन म्हणतो, पहिल्या पावसानंतर कळवतो कसं चाललं ते.