मदत हवी आहे: इनफिल्ड फ्लाय दिला, कोच अंगावर आला

नवखा_अंपायर
नमस्कार मंडळी. मुक्काम न्यू जर्सी. लेकाच्या ट्रॅव्हल बेसबॉलपायी (गावोगाव जाऊन सामने खेळायचे) दोन वर्षं सगळे शनिवार-रविवार मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत गेले. यंदा म्हटलं, नुसतं बसण्यापेक्षा अंपायरिंग करू. कालचा माझा चौथा सामना.

साधा उंच फ्लाय (झेल) शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे सेकंड-थर्ड बेसच्या मधल्या फिल्डरकडे गेला. पोरानं मुद्दाम पडू दिला, उचलून सेकंड बेसला फेकला, तिथून फर्स्टला. मी इनफिल्ड फ्लाय (असा सोपा झेल पडला तरी बॅटर आउट धरायचा नियम) पुकारून बॅटर आउट दिला, रनर परत पाठवले. पुढच्याच पोरानं डबल (सेकंड बेसपर्यंत नेणारा फटका) मारला, दोन रन आले, फिल्डिंगवाली टीम एका रननं हरली. त्यांचा कोच पार माझ्या मास्कला नाक लावून ओरडत होता. माझं चुकलं का? शनिवारी सकाळी आठला टूर्नामेंट आहे, लवकर सांगा.

टेक्सासकर
किती आउट होते? कुठल्या बेसवर कोण होतं? वयोगट? हे न सांगता उत्तर कसं देणार?

वसंतकाका
अरे, क्रिकेटमध्ये ही भानगडच नाही. झेल सुटला तर सुटला, फलंदाजाला वाटलं तर तो पळेल. मी पुण्यात वीस वर्षं क्लब सामन्यांना उभा राहिलोय. एक लक्षात ठेव, शंकेचा फायदा फलंदाजाला.

टेक्सासकर
काका, बेसबॉलमध्ये असं काही नसतं. 'टाय झाली की रनर सेफ' हेसुद्धा आईबापांचं पुराण. आउट की सेफ, एवढंच अंपायरनं ठरवायचं.

नवखा_अंपायर
१२यू, म्हणजे बारा वर्षांपर्यंतची पोरं. एक आउट. रनर होतेच बेसवर, म्हणून तर इनफिल्ड फ्लाय दिला ना!

सॉफ्टबॉलवाली
'होतेच' म्हणजे कुठे? फर्स्ट-सेकंडवर किंवा बेस भरलेले, आणि दोनपेक्षा कमी आउट, तरच इनफिल्ड फ्लाय.

नवखा_अंपायर
फर्स्ट आणि थर्ड.

टेक्सासकर
संपलं. चुकलात. कोच बरोबर होता.

सॉफ्टबॉलवाली
थांबा जरा. मी जळगावात शाळा-कॉलेजभर सॉफ्टबॉल खेळले, हा नियम दोन्हीकडे जवळपास सारखाच आहे. फर्स्ट-थर्डला इनफिल्ड फ्लाय नाही, कारण तिथे सक्तीनं धावायचं ते फक्त फर्स्टच्या रनरला. बॅटर जीव घेऊन पळाला असता तर दुसरा आउट मिळालाच नसता. तो कॅच होणार म्हणून बॅट टाकून बघत उभा राहिला असेल, बारा वर्षांची पोरं तेच करतात.

पण दुसरा नियम आहे. फर्स्टवर रनर, दोनपेक्षा कमी आउट, आणि इनफिल्डरनं (बेसजवळच्या फिल्डरनं) हाताला किंवा ग्लव्हला लागलेला सोपा कॅच मुद्दाम सोडला, तर चेंडू डेड, बॅटर आउट, रनर जागेवर परत. म्हणजे तुम्ही दिला तोच निकाल, फक्त नाव चुकलं. मात्र चेंडूला न शिवता जमिनीवर पडू दिला, तर खेळ चालू आणि डबल प्ले (एका चेंडूत दोन आउट) खरा. तेव्हा सांगा, ग्लव्हला लागला होता का?

एच१बी_पीडित
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण सामन्याचे पैसे घेता का? एच-१बीवर असाल तर बंद करा. ज्या कंपनीनं व्हिसासाठी अर्ज केला तिच्याशिवाय कुणाचंही काम करता येत नाही. चाळीस डॉलरपायी ग्रीन कार्ड लटकेल.

नवखा_अंपायर
सिटिझन आहे हो. आणि साठ मिळतात. कृपया मुद्द्याचं बोला.

ग्लव्हला लागल्यासारखं वाटलं. नक्की नाही सांगता येत. मी थर्डच्या रनरकडे बघत होतो.

टेक्सासकर
बेस अंपायर काय करत होता?

नवखा_अंपायर
एकटाच होतो. प्लेटच्या मागे, बॅटर उभा राहतो तिथे.

टेक्सासकर
हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं, साहेब. एकटे असलात तरी उंच फ्लायला आधी चेंडूच बघायचा. रनर पळून पळून कुठे जाणार? तुम्ही कोचला का हाकललं नाही? मी असतो तर पहिल्याच शिवीला बाहेर.

सॉफ्टबॉलवाली
शिवी दिली असं कुठे लिहिलंय? नियम चुकीचा लावला तर कोचनं विचारलंच पाहिजे. ग्लव्हला लागला की नाही हा अंपायरच्या नजरेचा भाग, त्यावर वाद नको. पण इनफिल्ड फ्लाय फर्स्ट-थर्डला लागतो का, हा नियमाचा प्रश्न, तो पुढचा चेंडू टाकायच्या आत सोडवता आला असता.

टेक्सासकर
बारा वर्षांच्या पोरांसमोर मास्कला नाक लावणं म्हणजे विचारणं नव्हे, ताई. असल्या लोकांमुळेच अंपायर मिळत नाहीत.

वसंतकाका
हा नियम आणला तरी कुणी?

सॉफ्टबॉलवाली
काका, १८९५ चा आहे. इनफिल्डर सोपा कॅच सोडून एका चेंडूत दोन आउट लाटायचे, त्यावर तोडगा. भांडणं मात्र थांबली नाहीत. २०१२ मध्ये अटलांटात ब्रेव्ज-कार्डिनल्स या व्यावसायिक संघांच्या सामन्यात चेंडू पार लेफ्ट फील्डमध्ये पडला आणि तरी इनफिल्ड फ्लाय दिला. लोकांनी बाटल्या फेकल्या, खेळ १९ मिनिटं बंद.

गोट्या
बाटल्या शनिवारी पण येतील :) कप (जांघेत घालायचं कवच) घातला का? मास्कपेक्षा तो महत्त्वाचा. शूज पुढं स्टील असलेले घ्या, माझ्या अंगठ्याचं नख अजून काळं आहे. आणि कॅचरच्या थेट मागे उभं राहू नका, बॅटर आणि कॅचर यांच्या मधल्या फटीतून बघा, हनुवटी कॅचरच्या हेल्मेटच्या वरच्या कडेला. प्लेट १७ इंचांचीच आहे, तिथून दोन्ही कडा दिसतात.

नवखा_अंपायर
उभं राहण्याबद्दल विचारलंच नव्हतं, पण हे कोर्समध्ये इतकं सरळ कुणी सांगितलं नाही. धन्यवाद.

आत्ता एका आईनं व्हिडिओ पाठवला. आठ वेळा बघितला. शॉर्टस्टॉप चेंडूखाली उभा, हात वर, आणि शेवटच्या क्षणी एक पाऊल मागे. चेंडू गवतात. ग्लव्हला शिवलासुद्धा नाही.

सॉफ्टबॉलवाली
मग डबल प्ले. इनिंग तिथेच संपायला हवी होती. शनिवारी प्रत्येक चेंडूआधी मनात म्हणा: किती आउट, फर्स्ट-सेकंड आहेत का. पिचरनं (चेंडू टाकणाऱ्यानं) पाय उचलायच्या आत.

नवखा_अंपायर
शनिवारी आठला पहिला सामना त्याच टीमचा आहे. कोचला आधी जाऊन सांगू का?

टेक्सासकर
अजिबात नको. तो काय, पुढच्या प्रत्येक स्ट्राइकला हेच उकरून काढेल.

सॉफ्टबॉलवाली
सांगा. प्लेटपाशी दोन्ही कोच भेटतात तेव्हा नको, त्याआधी एकट्याला गाठून. 'माझं चुकलं', दोन शब्द.

वसंतकाका
मी एकदा एका कॅप्टनला असं सांगितलं होतं. त्यानं चहा पाजला. मात्र पुढच्या ओव्हरला तो आउट होता आणि मी दिला नाही, ती गोष्ट वेगळी.

बोरिवली_ते_बोस्टन
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण दोन आउट असतील तर इनफिल्ड फ्लाय लागत नाही. किती आउट होते?